यिर्मयाचे अभिवचन आणि रोजचे जगणे

प्रश्न:
प्रभूमध्ये सलाम. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत; ते तुम्हांला आशा देणारे आहेत’ अशा अर्थाचे बायबलमधील यिर्मया २९:११ हे देवाचे वचन आमच्या भिंतीवर आहे. परंतु यजमानांची नोकरी गेल्यापासून ते वाचताना मन डळमळते. या अभिवचनावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे?

उत्तर १:
ताई, हे वचन आधीच्या ओळींसह वाचावे. बाबेलास (बॅबिलोनला) नेलेल्या यहूदी बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. दोनच वर्षांत सारे पूर्ववत होईल असे हनन्या हा दुसरा संदेष्टा सांगत असताना यिर्मयाने सत्तर वर्षांची मुदत सांगितली, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तरीही घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. (ही वचने भिंतीवर क्वचितच दिसतात!)

उत्तर २:
सहमत. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आश्रय दिला. तेथे प्रार्थनेचा मोठा भर होता, आणि त्याच्याच जोडीला शेती, विणकाम व छापखानाही चालत असे. देव पुरवील हा विश्वास आणि हातचे काम यांत त्यांनी विरोध मानला नाही.

उत्तर ३:
मात्र मन डळमळते म्हणून स्वतःला अविश्वासू ठरवू नका. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्याच स्तोत्रात देवाच्या दयेवर भिस्त ठेवतो. यजमानांची अडचण पाळकांना व मंडळीतील वडीलधाऱ्यांना संकोच न करता सांगा. नोकरीची माहिती पुष्कळदा तेथूनच मिळते.