मदत हवी आहे: पेशीविभाजनानंतर केंद्रकद्रव्य पुन्हा वेगळे कसे होते?

नमस्कार. पेशीद्रव्यात (केंद्रकाबाहेरच्या द्रव्यात) तंतुकणिका, गॉल्जी पिंड यांसारखी अंगके असतात, तर केंद्रकद्रव्यात (केंद्रकाच्या आतल्या द्रव्यात) क्रोमॅटिन (डीएनए व प्रथिनांचे धागे) व केंद्रकी (केंद्रकातला लहान गोलसर भाग) असते, हा फरक अकरावीच्या वर्गात सहज सांगता येतो (परीक्षेला तेवढा पुरतोही). रायबोसोमचे (प्रथिने तयार करणाऱ्या कणांचे) उपघटक केंद्रकीत घडत असले तरी प्रथिननिर्मिती पेशीद्रव्यात होते, हेही मुलांना पटते. परंतु सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) वेळी प्राण्यांच्या पेशीतील केंद्रकपटल (केंद्रकाभोवतीचे आवरण) विघटित होऊन दोन्ही द्रव्ये एकमेकांत मिसळतात; मग नवे पटल तयार होताना रायबोसोमसारखे मोठे कण बाहेर कसे राहतात आणि केंद्रकातली प्रथिने पटलाच्या छिद्रांतून नेमकी ओळखून आत कशी घेतली जातात, या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला नीट मांडता आले नाही. जाणकारांनी कृपया टप्प्याटप्प्याने समजावून सांगावे.