विषय: कुराण पाठांतर, मुलाला गोडी कशी लावावी?

नमस्कार मंडळी,
खरं तर कोकणी मुसलमान घरांना विचारतेय, पण बाकीच्यांनी सांगितलंत तरी चालेल. मुलगा तिसरीत आहे. शाळेतून आला की दोन घास खाऊन मदरशात पळतो. नाजरा (बघून वाचणं) झाला, आता हिफ्ज, म्हणजे पाठांतर. आधी चॉकलेटवर गाडी चालली. आता चॉकलेट घेतो आणि सबक (रोजचा नवा धडा) विसरतो.
– लेस्टरहून एक आई

---

उत्तर:
सलाम ताई,
कुराणाच्या तीस पाऱ्यांचं, म्हणजे भागांचं, नाव सध्या काढूच नका. शेवटचा अम्म पारा आधी घेतात ते उगाच नाही. त्यात 37 सूरा (अध्याय), पुष्कळशा चिमुकल्या. सूरा कौसर तर तीनच आयतींची (वचनांची). संध्याकाळी पाठ झाली की रात्री नमाजात म्हणता येते. त्याला अब्बांशेजारी उभं करा आणि नंतर विचारा, "आज कुठली पढलास?" पोरगं फुशारतं.

बक्षीस द्यायचंच तर नव्या सबकाला नको, मंजिलीला, म्हणजे जुन्या पाठाच्या उजळणीला द्या. नव्याची मजा असतेच. जुनं घोळवायचा कंटाळा येतो, तिथेच गळती लागते आणि मग मूल म्हणतं, मला जमतच नाही.

मुसहफही (कुराणाची छापील प्रत) एकच ठेवा. मदरशात 13 ओळींचा आणि घरी 15 ओळींचा असला की पानावरची जागा हरवते. आयत अडली की मुलं डोळे मिटून "डावं पान, खालून दुसरी ओळ" शोधतात. मोबाइलवर सरकवत पाठ करून घेणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे.

आणि अर्थ सांगा हो! सूरा फील घ्या. अब्रहा हत्ती घेऊन काबा पाडायला निघाला, पाखरांनी भाजल्या मातीचे खडे टाकले, फौजेचा चघळलेला चारा झाला. पाचच आयती. हत्ती केवढा होता, त्याचं पुढे काय झालं, म्हणून नातवाने माझं डोकं खाल्लं, पण सूरा त्याच बैठकीत पाठ.
– काका (मूळ दापोली)

---

उत्तर:
अगं, शनिवारी माझ्या मराठीच्या वर्गात डुलक्या काढतो तो हाच ना? पहाटे सबकाला उठवतेस का त्याला?
– मराठी शाळेच्या बाई

---

उत्तर:
हो बाई, फजरनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) डोकं ताजं असतं म्हणून. शनिवारचा वर्ग 10 ऐवजी 11 ला ठेवता येईल का? आणखी दोन घरांचं हेच म्हणणं आहे.
– लेस्टरहून तीच आई