‘अ फीस्ट फॉर क्रोज’: रखडलेला खंड की मालिकेतला सर्वांत प्रगल्भ खंड?

धागाकर्ता

(पुढे कथानकातल्या महत्त्वाच्या घटना उघड केलेल्या आहेत. ज्यांचे वाचन अपुरे आहे त्यांनी इथेच थांबावे.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेचा चौथा खंड, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’, २००५ साली आला आणि त्याच्याबद्दलचे दुमत आजही मिटलेले नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या खंडात लग्नाच्या मेजवानीतले हत्याकांड, राजा जॉफ्रीवरचा विषप्रयोग आणि टायरियनच्या हातून झालेला त्याच्या वडिलांचा, टायविनचा, अंत अशा घटना एकामागून एक येतात. त्यानंतर पाच वर्षे वाट पाहिलेल्या वाचकाच्या हाती जो खंड पडला, त्यात टायरियन, जॉन स्नो आणि डेनेरिस यांच्या दृष्टिकोनातून लिहिलेले एकही प्रकरण नव्हते. हस्तलिखित एका खंडात मावेनासे झाले, तेव्हा लेखकाने कथेचे दोन तुकडे काळानुसार न करता पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार केले. सगळ्या पात्रांची अर्धी गोष्ट सांगण्यापेक्षा अर्ध्या पात्रांची पूर्ण गोष्ट सांगणे बरे, अशी त्यांची भूमिका खंडाच्या शेवटी छापलेली आहे. उरलेली पात्रे पुढच्याच वर्षी भेटतील अशी आशाही तिथे व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ २०११ साली आला.

त्यामुळे वाचकांची नाराजी मला समजते. मात्र या खंडात ‘काही घडतच नाही’ हा आक्षेप मला मान्य नाही. आधीच्या तीन खंडांत आपण युद्ध पाहिले ते बहुतांशी सरदारांच्या आणि राजपुत्रांच्या नजरेतून. युद्ध संपल्यावर गावांचे, रस्त्यांचे, अनाथ मुलांचे आणि सैन्यातून पळालेल्या शिपायांचे काय झाले, हे पाहायला लेखक प्रथमच इतका वेळ थांबतो. ब्रिएन या स्त्री-योद्ध्यासोबत चालणारा सेप्टन (धर्मोपदेशक) मेरीबाल्ड अशा परागंदा शिपायांविषयी जे बोलतो, ते मला संपूर्ण मालिकेतले सर्वश्रेष्ठ पान वाटते. आपल्या मालकाच्या झेंड्यामागे हौसेने निघालेला शेतकऱ्याचा मुलगा भुकेने, आजाराने आणि सोबत्यांच्या मृत्यूने खचत जातो आणि एके दिवशी पळून जाऊन ज्याची लोकांना भीती वाटावी असा माणूस होतो, हे तो कुणावरही दोष न ठेवता सांगतो. हे पान नसते, तर आधीच्या खंडांतल्या लढाया केवळ थरारासाठी लिहिल्या होत्या असे म्हणावे लागले असते.

प्रतिसाद १

मेरीबाल्डच्या त्या पानाबद्दल दुमत नाही. परंतु एका उत्तम पानासाठी ब्रिएनची आठ प्रकरणे सोसावी लागतात, हे धागाकर्त्यांनी सांगितले नाही.

तिच्या प्रवासातला दोष रचनेचा आहे. ती नेड स्टार्कची मुलगी सान्सा हिला शोधत आहे. सान्सा व्हेल नावाच्या प्रांतात पीटर बेलिशजवळ आहे, हे वाचकाला तिसऱ्या खंडापासून ठाऊक आहे. तिची धाकटी बहीण आर्या जहाजाने ब्राव्होस शहराला निघाली, हेही ठाऊक आहे. ब्रिएन ज्या विदूषकाचा माग काढत क्रॅकक्लॉपर्यंत जाते, तो डाँटोस तर तिसऱ्या खंडातच वाचकाच्या डोळ्यांदेखत मारला गेला आहे. थोडक्यात, तिचा प्रत्येक तर्क चुकीचा असल्याचे आपल्याला ती बोलण्याआधीच माहीत असते, आणि तरीही तेरा वर्षांच्या, तांबूस केसांच्या मुलीबद्दलचा तोच प्रश्न ती प्रत्येक मुक्कामी विचारत राहते. शोधकथेतला ‘सापडेल का?’ हा प्रश्नच काढून टाकल्यावर वाचकाने पाने कशाच्या ओढीने उलटायची? परिसराचे चित्रण कितीही उत्तम असले, तरी ते कथानकाची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिसाद २

आपण दोष म्हणून जे दाखवले, तेच मला या प्रकरणांचे बळ वाटते. सान्सा सापडणार नाही हे आधीच ठाऊक असल्यामुळे वाचकाचे लक्ष शोधाच्या निकालावरून उठते आणि शोधणाऱ्या व्यक्तीवर स्थिरावते. सान्साच्या आईला दिलेला जो शब्द पाळण्याचा कुणालाही उपयोग होणार नाही, तो ती का पाळते, हा इथला प्रश्न आहे. जेमी लॅनिस्टरने तिला दिलेली तलवार नेड स्टार्कच्या वितळवलेल्या तलवारीपासून घडवलेली आहे. ज्या लॅनिस्टर घराण्याने नेडचा शिरच्छेद केला, त्याच घराण्याच्या पैशावर आणि पत्रावर ती नेडच्या मुलीचे रक्षण करायला निघते. शेवटी तिला फासावर चढवणारे लोक नेमके हेच तिच्या विरोधात पुरावा म्हणून मांडतात. इतका कठोर आणि तर्कशुद्ध शेवट शोधाच्या उत्कंठेत झाकला गेला असता.

प्रतिसाद ३

माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेच्या चौथ्या खंडात लेखक एरॉन, आशा, व्हिक्टेरियन, एरियो होटा, एरिस ओकहार्ट आणि एरियान असे सहा नवे दृष्टिकोन आणतो, आणि प्रकरणांना पात्रांच्या नावांऐवजी ‘प्रेषित’, ‘रक्षकदलाचा नायक’ अशा अर्थाची शीर्षके देतो, त्यामुळे आपण कुणासोबत आहोत हे कळायलाच काही पाने जातात. जुन्या पात्रांची वाट पाहणाऱ्या वाचकाकडून ही फार मोठी अपेक्षा आहे. डॉर्नचा डाव आणि लोहद्वीपांवरची राजनिवड, दोन्ही धागे अखेरीस डेनेरिसकडे वळतात हे मान्य. पण ती या खंडात नसल्यामुळे त्यांचे महत्त्व इथे सिद्धच होत नाही.

प्रतिसाद ४

राणी सर्सी लॅनिस्टरविषयी अद्याप कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण या खंडातली सर्वाधिक म्हणजे दहा प्रकरणे तिची आहेत. तीन खंड आपण तिला बाहेरून पाहिले आणि ती अत्यंत धूर्त असल्याचे मानत आलो. इथे प्रथमच तिच्या मनात प्रवेश मिळतो, आणि लक्षात येते की ती स्वतःला वडिलांच्या, टायविनच्या, तोडीची समजते, परंतु तिला वडिलांची फक्त जरब घेता आली, दूरदृष्टी नाही. राजगादीवरचे धर्मसंस्थेचे नऊ लाखांहून अधिक सुवर्णमुद्रांचे कर्ज माफ व्हावे म्हणून ती धर्मसंस्थेला पुन्हा शस्त्रे बाळगण्याची परवानगी देते आणि मोठा सौदा साधल्याच्या आनंदात घरी जाते. सून मार्जरीसाठी रचलेल्या सापळ्यात तीच धर्मसंस्था शेवटी तिला अडकवते. बाहेरून एकही सैन्य चालून आलेले नसताना जिंकलेले घराणे आतून कसे ढासळते, याचे इतके तपशीलवार चित्रण कल्पित साहित्यात मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सर्सीची प्रकरणे वाचनीय आहेत हे मीही मान्य करतो. मात्र तिच्या वागण्याच्या मुळाशी लहानपणी ऐकलेले भविष्यकथन असल्याचे आपल्याला चौथ्या खंडात प्रथमच सांगितले जाते. धाकटा भाऊ टायरियन याच्याविषयीचा तिचा द्वेष आईच्या मृत्यूतून आणि कौटुंबिक तिरस्कारातून आला आहे असे आपण तीन खंड मानत होतो, आणि ते पुरेसे होते, मानवी होते. त्यावर आता धाकट्या भावाच्या हातून मरण्याचे भाकीत चढवले आहे. अशी मागाहून जोडलेली कारणे पात्राला सखोल करत नाहीत, उलट त्याची जबाबदारी हलकी करतात.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

भाकीत तिची जबाबदारी हलकी करत नाही, कारण ते खरे ठरवण्याकडे नेणारे प्रत्येक पाऊल ती स्वतः टाकते. भाकितातली तरुण राणी म्हणजे मार्जरी आणि ती आपली जागा घेणार, या भीतीने ती जे करते, त्यानेच तिची जागा जाते. रिव्हररन गढीत जेमीला, तिच्या जुळ्या भावाला, तिचे मदतीची याचना करणारे पत्र मिळते आणि तो ते जाळायला सांगतो, तेव्हा तिला वाचवू शकणारा शेवटचा माणूस तिने कोणत्याही भाकिताविना गमावलेला असतो.

प्रतिसाद ५

दोन्ही बाजूंना एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. चौथ्या खंडाच्या आणि पाचव्या खंडाच्या पहिल्या भागाच्या घटना एकाच काळात घडतात. अनेक वाचकांनी दोन्ही खंडांची प्रकरणे कालक्रमाने गुंफून याद्या तयार केल्या आहेत. त्या क्रमाने वाचल्यास टायरियन, जॉन आणि डेनेरिस यांची उणीव भासत नाही.

धागाकर्ता

पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी असे सुचवणार नाही. जॉन आणि त्याचा मित्र सॅम यांच्या निरोपाचा प्रसंग दोन्ही खंडांत आहे, एकदा सॅमच्या बाजूने आणि एकदा जॉनच्या. चौथ्या खंडात सॅमसोबत निघालेली गिली का रडते आहे हे सॅमला कळत नाही, आणि जहाजावर त्याला बाळांच्या अदलाबदलीचा उलगडा होतो, तेव्हा तो वाचकालाही त्याच्याबरोबरच होतो. जॉनचे प्रकरण आधी वाचले, तर तो निष्ठुर निर्णय कुणाचा हे आधीच कळलेले असते आणि सॅमचा सगळा प्रवास पोकळ होतो. शिवाय गुंफलेल्या वाचनात युद्धोत्तर प्रदेशाचे जे सलग दर्शन या खंडात घडते, ते उत्तरेतल्या भिंतीवरच्या (जॉनच्या) आणि मीरीन शहरातल्या (डेनेरिसच्या) प्रकरणांनी पुन्हा पुन्हा तुटते.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

हे उदाहरण मला विभागणीच्या विरोधातले वाटते. एकच संभाषण सहा वर्षांच्या अंतराने दोनदा छापावे लागले, यावरूनच कथा चुकीच्या ठिकाणी चिरली गेल्याचे दिसते. लेखकाच्या मूळ योजनेत तिसऱ्या खंडानंतर कथा पाच वर्षे पुढे जाणार होती. मुले तोवर मोठी झाली असती, परंतु सर्सीची राजवट आणि जॉनचे सेनापतिपद पाच वर्षे स्थिर ठेवणे शक्य नव्हते, म्हणून ती योजना सोडावी लागली. सर्सीसाठी हा निर्णय योग्य ठरला, याबाबत मी प्रतिसाद ४ शी सहमत आहे. लोहद्वीपे आणि डॉर्न यांच्यासाठी मात्र त्या मधल्या काळाचा थोडक्यात आढावा पुरला असता, आणि वाचलेल्या जागेत टायरियनची पहिली काही प्रकरणे याच खंडात आली असती, तर आज या चर्चेतले निम्मे आक्षेप उरले नसते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

टायरियन आला असता, तर वाचकाने बाकी प्रकरणे त्याच्याकडे पोहोचण्यासाठी घाईने उरकली असती. ब्रिएन आणि मेरीबाल्ड यांच्याकडे आपण लक्ष दिले, याचे एक कारण तो या खंडात नव्हता हेच आहे.