साखरपाणी नको, दिवा मालवा
पडवीच्या भिंतीवर बसलेल्या ॲटलास पतंगाला, म्हणजे फुलपाखरासारख्या त्या भल्या मोठ्या कीटकाला, साखरपाणी ठेवलं, पण त्यानं ते चाखलंही नाही, असं तुम्ही लिहिलंय. अहो, त्याला खाता येईल असं तोंडच नसतं! अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढतो. त्याच्या मिशा जवळून बघा. पिसासारख्या रुंद असतील तर तो नर. मादीचा गंध तो त्यांनीच लांबून टिपतो. रात्री पडवीतला दिवा तेवढा मालवा, उजेडाभोवती घिरट्या घालण्यात त्याची ताकद फुकट जाते.

आमच्या कोकणात मृगाच्या तोंडावर नवरंग पक्षीही येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ येते, पक्षी मात्र खाली पाचोळ्यात असतो. काल ऐकली, अजून दिसला नाही. उद्या पहाटे पुन्हा जाणार आहे.