मदत हवी आहे: कोडिंग न येता बिलांच्या पीडीएफना आपोआप नावं कशी द्यावीत?

नमस्कार मंडळी. ऑफिसात बिलांच्या पीडीएफचा ढीग येतो, नावं सगळी 'स्कॅन००१२' छापाची. एकेक उघडायची, तारीख आणि पार्टीचं नाव बघायचं, तेच फाईलला द्यायचं, महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायची. सकाळ यातच जाते.

कोडिंग मला येत नाही, म्हणून चॅटजीपीटीकडून पॉवरशेलची (विंडोजमध्ये कमांड देऊन कामं करून घ्यायचं साधन) स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, लिहून घेतली. नाव बदलायच्या कमांडला 'व्हॉटइफ' जोडलं की प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, काय बदलणार तेवढंच दिसतं. ही सोय मला फार मोलाची वाटली. चालू कामाच्या फायलींवर थेट प्रयोग नकोच.

घोडं अडलंय ते स्कॅन केलेल्या बिलांपाशी. त्यांत मजकूर नसतो, नुसतं चित्र असतं, त्यामुळे आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवायचं काम, करावं लागतं. टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठीही वाचतं आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. ग्राहकांची बिलं ऑनलाइन अपलोड करायची नाहीत, त्यामुळे तेच बरं वाटतं.

तारखेवर शिक्का पडलेला असेल तर टेसरॅक्ट कितपत बरोबर वाचतं? वाचता न आलेली बिलं वेगळ्या फोल्डरमध्ये जावीत, यासाठी एआयला नेमकं काय सांगायचं? की हे सगळं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉपमध्ये (कामं आपोआप करून घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) जास्त सोपं पडेल? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.