आघातानंतरचे दिवस: तुमचे अनुभव सांगा

निशिगंध
काल वरच्या मजल्यावर काहीतरी जड पडलं आणि मी हातातलं काम टाकून थेट जिन्याखाली जाऊन बसले. अपघाताला किती वर्षं झाली, तरी ब्रेकचा आवाज, काचा, पेट्रोलचा वास, सगळं जसंच्या तसं समोर. पहिले काही महिने तर मी गाडीत पाय ठेवत नव्हते, त्या रस्त्याचा विषय निघाला तरी उठून जायचे. घरचे म्हणत, "वाचलीस ना, मग आता काय?" पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मनात घर करून राहणाऱ्या ताणाच्या आजाराचं, निदान खूप उशिरा झालं. उपचारांनंतर गाडी चालवते, झोपही लागते. म्हणून कालचं जास्त लागलं.
कुणी यातून गेलं असेल तर लिहा. काय घडलं ते सांगायलाच हवं असं नाही. नंतर काय झालं, कशानं उतार पडला, तेवढं पुरे.

रानजाई
निशिगंध, आज कशी आहेस? झोप झाली का?

दिवेलागण
माझं आयसीयूचं. बाबा आत होते, मी बाहेरच्या बाकावर. ते बरे होऊन घरी आले, आता मजेत आहेत, आणि मी मात्र मायक्रोवेव्हचा बीप वाजला की थरथरते. यावर लोक म्हणतात, पेशंट तर ते होते! कुणाला कसं समजावायचं?

अवखळ
+१ दिवेलागण. माझ्या बहिणीचं अगदी हेच, फक्त तिला सॅनिटायझरचा वास.

पाऊलवाट
मी समुपदेशक आहे, दोन सेशनच्या मध्ये लिहितेय, घाईत.
दिवेलागण, जवळच्या माणसाला मरणाच्या दारात पाहणं हासुद्धा आघातच. नातेवाइकांना हा त्रास होतो, तुम्ही वेगळ्या नाही.
घटनेनंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं, दचकणं, चिडचिड बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते. महिना उलटूनही तेच चालू असेल, टाळाटाळ वाढत असेल, कामावर आणि नात्यांवर परिणाम होत असेल, तर मदत घ्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७०% लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी असा प्रसंग येतो, पीटीएसडी मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो ते मनाने कच्चे असतात हा समज कृपा करून सोडा. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या याच त्रासाला 'शेल शॉक' म्हणत, आणि कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी आला तो थेट १९८० साली.
आणि हो, घटना घडल्या घडल्या माणसाला बसवून "सगळं बोलून मोकळा हो" असा आग्रह नको. त्याने आजार टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. सोबत बसा, झोपेचं बघा. तो बोलला तर ऐका.

कवडसा
माझी एक अशी घटना नाही. सगळं लहानपणच तसं. जिन्यावरच्या पावलांवरून आज मार बसणार की नाही ते कळायचं. अजूनही ऑफिसात मागून कोण येतंय ते मान न वळवता सांगतो. सगळ्यांना गंमत वाटते, मला नाही वाटत.

पाऊलवाट
कवडसा, वर्षानुवर्षांच्या अशा छळानंतर जे होतं त्याला आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' असं वेगळं निदान आहे. त्यात स्वतःबद्दलची लाज आणि माणसांवर विश्वास न बसणं हेही धरतात. वेळ लागतो, पण उपचार आहेत.

कवडसा
लाज. हो. आत्ता एवढंच लिहितो.

रानजाई
कवडसा, लिहिलंत ते खूप झालं. बाकीचं कधीही, किंवा नाहीच लिहिलंत तरी हरकत नाही.

ओंजळ
मी ईएमडीआर नावाची थेरपी घेतली. समोर थेरपिस्टचं बोट डावीकडून उजवीकडे फिरतं, नजर त्यावर ठेवायची आणि तो प्रसंग मनात आणायचा. पहिल्यांदा वाटलं, याने काय होणार? काही सेशननंतर घरी अजून वाईट गेलं, हेही खरं सांगते, कारण तिथेच बरेच जण सोडतात. थेरपिस्टला सांगितलं तर तिने वेग कमी केला. आता आठवण येते, पण जुन्या गोष्टीसारखी येते. आत्ता घडतंय असं नाही वाटत. सोबत सर्ट्रालिन हे औषध चालू होतं. त्याचा गुण यायला काही आठवडे गेले, आणि बंदही डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू केलं.

उंबरठा
नवरा बचावपथकात होता. झोपेत ओरडतो. मी आधी खांदा हलवून उठवायचे, त्याला वाटायचं कुणी धरलंय, हात उगारला जायचा. आता लांब उभी राहून दिवा लावते, नावानं हाक मारते, "घरी आहेस, मी आहे" म्हणते. मग तो पाणी मागतो. त्याच्याबद्दल सगळे विचारतात. मलाही झोप नाही, हे इथं पहिल्यांदाच लिहितेय.

ओंजळ
उंबरठा, तुमच्यासाठीही कुणाकडे तरी जा. खरंच. घरच्यांसाठी वेगळे गट असतात.

अवखळ
दिवेलागण, तो बीप काही मॉडेलमध्ये बंद करता येतो, मॅन्युअल बघ. बहिणीनेही आधी सॅनिटायझरचा वास असाच टाळला, श्वास घ्यायला जागा मिळाली म्हणते. मग थेरपीत थोडा थोडा वास घेण्याचा सराव.

दिवेलागण
मॅन्युअल कुठं ठेवलंय देव जाणे. बाबांनाच विचारते, त्यांच्याकडे सगळी बिलं असतात.

निशिगंध
रानजाई, झोपले गं, तुकड्या-तुकड्यांत. गुरुवारी माझ्या थेरपिस्टची वेळ मिळालीये. उंबरठा, तुम्हाला मेसेज केलाय, बघा सवडीनं.