मदत हवी आहे: उंदरांच्या खोलीत रात्रभर ट्यूबलाइट, माझ्या मेलाटोनिनच्या प्रयोगाचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांगोल्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे, फवारणी करून आले की पप्पा डोकं धरून बसायचे, ते बघतच मोठी झाले, म्हणून प्रोजेक्टला क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशकच घेतलं. मेलाटोनिन (रात्री शरीरात बनणारं हार्मोन) दिलं तर त्याचा त्रास कमी होतो का, एवढंच बघायचंय.

विस्टार उंदरांचे चार ग्रुप, प्रत्येकात 6. मेलाटोनिन 10 मिलिग्रॅम प्रति किलो, रोज संध्याकाळी, 28 दिवस. ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी थोड्या इथेनॉलमध्ये आणि मग सलाइनमध्ये, आणि तेवढंच इथेनॉल बाकीच्या ग्रुपलाही दिलं.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे लवकर गेले तर खोलीत लख्ख उजेड आणि सगळे उंदीर एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून बसलेले. वॉचमनमामा म्हणाले, दाराशी साप निघाला होता ना बाळा, म्हणून रात्रीची लाइट चालूच ठेवतोय. किती दिवस? तर आठ-दहा रात्री झाल्या असतील. मामांना काय बोलणार, त्यांनी काळजीपोटीच केलं.

पण मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन बनवते तेच मुळी अंधारात, उजेड पडला की काम बंद. म्हणजे माझ्या कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या) उंदरांचंसुद्धा स्वतःचं मेलाटोनिन त्या रात्री दबलेलं, फक्त दोन ग्रुपना बाहेरून मिळत होतं. मग जो फरक दिसतोय तो खरा किती?

लिव्हरमधलं एमडीए (फ्री रॅडिकल्समुळे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांमुळे, झालेल्या नुकसानीची खूण) मेलाटोनिनवाल्यांत कमी आलंय, ग्लुटाथायोन (पेशींचं संरक्षण करणारा घटक) वाढलंय, त्या दिवशी इतका आनंद झाला म्हणून सांगू. मेंदूतलं कोलिनएस्टरेज (क्लोरपायरिफॉस ज्याचं काम बंद पाडतं ते एन्झाइम) मात्र अजिबात सुधारलं नाही. सरांच्या मते डोस कमी पडला, मला वाटतं क्लोरपायरिफॉस एन्झाइमला घट्ट चिकटून बसतं आणि मेलाटोनिन फ्री रॅडिकल्स पकडतं, ते चिकटलेलं सोडवत नाही. माझं चुकतंय का?

आणि मुख्य म्हणजे प्रयोग परत करावा का? अजून 24 जीव घ्यायचे, त्यासाठी एथिक्स कमिटीकडे परत जायचं, माझं मन होत नाहीये. थिसिसमध्ये उजेडाचं सरळ लिहून टाकलं तर चालतं का, कुणी असं केलंय का? सीरम फ्रीजरमध्ये आहे पण ते सकाळी 10 ला काढलेलं, त्यात तसंही मेलाटोनिन कमीच असणार, मग ते मोजायच्या एलायझा किटवर पैसे घालू की नको?